निळ्या फाटकापुढचा बँड

परसूआप्पा माणसाला नावावरून ओळखत नाहीत. त्याच्या लग्नात बँड कुठला होता, त्यावरून ओळखतात.

बेळगावच्या खासबागेत आम्ही राहायला आलो त्या दिवशी मी टेम्पोतून कपाट उतरवत होतो. शेजारच्या निळ्या फाटकातून एक बुटकेसे गृहस्थ बाहेर आले. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. कपाटाचा एक कोपरा धरून म्हणाले, "लग्नात बँड कुठला हुता?"

"बँड नव्हता. आम्ही रजिस्टर लग्न केलं," मी म्हणालो. तेव्हा मला त्याचा थोडा अभिमानही होता.

त्यांनी कपाट रस्त्यातच खाली ठेवलं आणि माझ्या बायकोकडं पाहिलं. "आरं देवा. पोरीला तशीच आणलासा?"

त्या दिवसापासून खानापूरकडच्या त्यांच्या गावाहून आलेली वांगी, फणस, हिरव्या मिरच्या, सगळं आमच्याकडं येऊ लागलं. ते 'वैनींसाठी' असायचं. माझा त्यावर काही हक्क नाही हे आप्पा प्रत्येक खेपेला स्पष्ट करत. आणि आमची वैशाली तेव्हा जेमतेम शाळेत जाऊ लागली होती, तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणत, "आईचं ऱ्हायलं ते ऱ्हायलं. हिच्या लग्नाला बँड पायजे हं, गुरुजी."

आप्पा शहराबाहेरच्या मच्छे गावातल्या एका कारखान्यातून रिटायर झालेले. घरात एकटेच. संध्याकाळी चौकातल्या चहाच्या गाड्यावर जुन्या बँडचे आम्ही चार-पाच रसिक जमायचो, त्यात मी आपला नावाला. बेळगावात एके काळी दोन बँड गाजत होते. एक तांबड्या कोटवाल्यांचा, दुसरा हिरव्या टोपीवाल्यांचा. आता दोन्ही मोडले. त्यांतली उरलेली माणसं आणि त्यांची मुलं हंगामात जमतील तशी वाजवतात. पण गाड्यावर दोन्ही बँड रोज वाजत. तांबड्या कोटवाल्यांचा कॅरिनेट मोठा की हिरव्या टोपीवाल्यांचा बिगूल, यावरून चहा गार व्हायचा. आप्पा पक्के तांबडे. एका वकिलाचा घटस्फोट झाल्याची बातमी आली, तर आप्पा बशीत फुंकर मारत म्हणाले, "हुणारच. हिरव्यांचा बिगूल त्या दिवशी बेसूर हुता. मी मांडवातच बोललोतो." डॉल्बीचं नाव काढलेलं त्यांना चालत नसे. डॉल्बीनं म्हशी आटतात असं त्यांचं ठाम मत होतं.

इथवर सगळं गमतीचं होतं. मग पहिला लग्नाचा हंगाम आला.

ऊन उतरलं होतं. चौकातून एक वरात आमच्या गल्लीत वळली. ढोल, ताशे, बिगूल, सगळं असं दणकत होतं की खिडकीची तावदानं थरथरत होती. निळ्या फाटकाच्या अलीकडं ढोलवाल्यानं काठी वर उचलली आणि ती खाली आलीच नाही. बिगूल ओठांवरून उतरले. नाचणारी पोरं चालू लागली. घोड्याच्या नालांची टपटप आणि चपलांची फरफर, एवढंच ऐकू येत होतं. कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

फाटकात परसूआप्पा उभे होते. अंगात इस्त्रीची पांढरी सफारी, केसांना तेल. डोळे मिटलेले, मान किंचित घराकडं वळवलेली, आणि कशाला तरी दाद द्यावी तशी ती मान हलत होती. वरात त्यांच्या आणि आमच्या घरापुढून तशीच मुकी गेली. पुढच्या पिठाच्या गिरणीपाशी पोचल्यावर बँड पुन्हा कडाडला. आप्पांनी डोळे उघडले.

"भाळ चलो!" ते मला म्हणाले. कानडीत 'फार छान'. "काय झालं, न्हाय?"

काय झालं ते मला अजिबात कळलं नव्हतं. दोरीवरचे कपडे तसेच टाकून बायकोनं आत येऊन कडी लावली.

नंतर प्रत्येक हंगामात हेच. दर वरातीला सफारी, दर वरातीला ती शांतता, आणि शेवटी 'भाळ चलो'. एकदा निपाणीचा बँड येणार असं कळलं. त्यांना इथलं काय ठाऊक असणार, म्हणून मी मुद्दाम पायरीवर जाऊन बसलो. तेही फाटकाअलीकडं थांबले. मी त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या कॅरिनेटवाल्याला गाठलं. तो म्हणाला, "मी मूळचा तांबड्या कोटातला. हंगामात आम्ही हिकडचं तिकडं वाजीवतो. निळं फाटक आलं की वाद्य खाली, आमच्या मास्तरनं घालून दिलंय." चहाच्या गाड्यावर विचारलं तर सगळे आपापल्या कपात बघू लागले. "ते तसंच हाय, गुरुजी," एवढंच एकानं सांगितलं.

मग वैशालीचं लग्न ठरलं. मुलगा निपाणीचा. नवऱ्याकडची मंडळी सकाळी बँड लावून आमच्या दारातून नवरीला कार्यालयात नेणार होती. आप्पांचा आनंद काय सांगावा! सगळ्या गल्लीत तेच आमंत्रण देत फिरत होते. आणि माझी बायको मात्र रात्रंदिवस एकाच घोरात. आमचं घर निळ्या फाटकाला लागून. म्हणजे आमच्या दारातच बँड मुका होणार.

"मी बिनबँडची आले," ती म्हणाली. "लेक तरी वाजतगाजत जाऊ दे. तुम्ही जाऊन आप्पांना विचारा."

मी गेलो. आप्पा लग्नासाठीच सफारीला इस्त्री करत होते. मी घुटमळत विषय काढला. त्यांनी इस्त्री बंद केली आणि बराच वेळ सफारीच्या खिशाची शिवण बोटानं दाबत राहिले.

"सुंदरा वारली," ते म्हणाले, "तवा हितनं वरात येत हुती. तांबड्या कोटवाल्यांची. मयत अंगणात ठेवलेलं बघून त्यांच्या मास्तरनं बँड थांबीवला. मला म्हणाला, आप्पा, आता तुम्ही सांगशीला तवाच ह्या दारात वाजवू."

सुंदराक्का म्हणजे त्यांची बायको. आम्ही येण्याआधीच गेलेली.

"पण दुखवटा तर काढला असेल ना?"

"काढला की. भावकी आलती. गोडाचं जेवाण झालं, नवा टावेल दिला. बँडवाल्यांना तेवढं सांगायचं ऱ्हायलं."

"विसरलात?"

"न्हाय वो." त्यांनी आतल्या स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं. "ती हुती तवा बँड चौकात आला की चुलीपासनं पळत यायची. हात पदराला पुसत. हातभर बांगड्या, लई वाजायच्या. तिच्याबिगार मी एक वरात बघितली न्हाय. त्या दिवशी बँड थांबला, अन् आतनं बांगड्या वाजल्या, गुरुजी. ती भाईर अंगणात निजलेली, अन् बांगड्या आत. दाराशी आल्या अन् थांबल्या." आवाज अगदी साधा होता, दूधवाला येऊन गेला असं सांगावं तसा. "तवापासनं दर वरातीला येती. बँड वाजत ऱ्हायला तर मला ऐकू कसं यायचं?"

भीतीपेक्षा मला त्या माणसाची दयाच जास्त आली. अख्ख्या बेळगावातला सगळ्यांत मोठा बँडवेडा, आणि इतकी वर्षं त्याच्या दारात एक सूर वाजला नव्हता.

"ऱ्हाऊ द्या, आप्पा," मी म्हणालो. "आम्ही गिरणीपासनं वाजवू."

घरी येऊन सगळं सांगितलं. बायको डोळे पुसत म्हणाली, "नको मग. बिनबँडची येऊनही मी नांदलेच की."

लग्नाच्या सकाळी बँड आला. निळ्या फाटकाअलीकडं त्या म्हाताऱ्या कॅरिनेटवाल्यानं हात वर केला आणि सगळं थांबलं. दारात शालू नेसलेली वैशाली, तिच्यामागं हिरव्या चुड्याच्या बायका. सगळ्या जागच्या जागी उभ्या. फाटकात आप्पा, डोळे मिटून, मान घराकडं. बांगड्यांचा बारीक आवाज झाला. बायकांपैकी कुणाचा हात हलला असेल. मी वळून पाहिलं, तर कुणीच हललेली दिसली नाही.

आप्पांनी डोळे उघडले. ते फाटकात थोडे एका बाजूला सरकले, एका माणसाला उभं राहता येईल एवढे.

"आली," ते कॅरिनेटवाल्याला म्हणाले. "वाजवा आता."

म्हातारा जागचा हलेना. "आप्पा, नक्की?"

"नक्की. मी तिला ऐकत बसलो, पर तिनं बँड कुठं ऐकलाय इतकी वर्सं? तिला बी ऐकू दे की रं."

म्हाताऱ्यानं कॅरिनेट ओठांना लावला. मग ढोल पडला, आणि आमच्या दारात, त्यांच्या दारात, बँड असा वाजला की गिरणीवाला गिरणी बंद करून बाहेर आला. बायको ढसाढसा रडत होती. मीही.

आप्पा फाटकाच्या एका खांबाला चिकटून उभे होते. बाकीची अर्धी जागा मोकळी होती आणि एवढ्या गर्दीत तिथं कुणीही पाऊल ठेवलं नाही. ढोलापुढं काही ऐकू येणं शक्यच नव्हतं. पण आप्पा त्या मोकळ्या जागेकडं वाकून काहीतरी विचारत होते, ते मला ओठांवरून कळलं.

"भाळ चलो, न्हाय गं?"