मालकांचे मनोगत

शिवांजलीनं केलेल्या वेबसाइटवर चूक सापडत नाही, हे धाराशिव जिल्ह्यात निदान तीन लोकांना ठाऊक होतं. एक ती स्वतः, दुसरी तिची आई आणि तिसरे उमरग्याचे एक डॉक्टर. त्यांच्या दवाखान्याची साइट तिनंच केली होती. पुण्यात चार वर्षं कंपनीत काढून ती घरी परतली, वरच्या खोलीत दोन स्क्रीन मांडले आणि कुणी विचारो न विचारो, सांगायला लागली, "मी प्रत्येक पान दोनदा बघते. एकदा कंप्युटरवर, एकदा मोबाईलवर."

एप्रिलमध्ये तिच्याकडं श्रीमंत अण्णा आले. ढोकीच्या रस्त्याला त्यांचं 'श्रीमंत ट्रॉली वर्क्स' होतं. उसाच्या ट्रॉल्या बनवण्यात त्यांचा हात धरणारा त्या पट्ट्यात कुणी नव्हता. साइटशिवाय त्यांचं काही अडलेलं नव्हतं. पण शेजारच्या तालुक्यातल्या एका ट्रॉलीवाल्यानं साइट काढली होती, आणि तिच्यात 'मालकांचे मनोगत' असं एक पान होतं.

"ते मनोगत पायजे," अण्णा म्हणाले. "बाकीचं तुला काय घालायचं ते घाल."

आजकाल साइट पायापासून बांधत नाहीत. तयार साचा मिळतो, त्यात चौकटी असतात. या चौकटीत फोटो, त्या चौकटीत मजकूर. शिवांजलीचा साचा आठ दिवसांत तयार झाला. मजकूर काही येईना.

"अण्णा, मनोगत पाठवा."

"पाठवतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर गुलाबाचं फूल आलं. तिनं पुन्हा आठवण केली. कमळ आलं. जुलैत अण्णांनी बोअरच्या गाडीचा व्हिडिओ पाठवला, ऑगस्टमध्ये एका सुटलेल्या चाकाचा फोटो. मधल्या काळात रंगाचा वाद पेटला होता. साइटवरचा लाल रंग अण्णांना पटेना. "ह्यो लाल न्हाय. ट्रॉलीचा लाल वेगळा असतोय." तिनं चौदा लाल रंग पाठवले. चौदाही 'ह्यो न्हाय' ठरले.

मग एका दुपारी अण्णांचाच फोन आला, आणि तोही तावातावानं.

"पोरी, ते मनोगताच्या जागी काय लिवलंय? कानडी हाय का? आमच्या मंडळींना कानडी येतंय, तिला बी लागंना."

साच्यात जागा भरायला आधीपासून एक अगम्य परदेशी मजकूर येतो, तोच हा होता.

"तो नमुन्याचा आहे अण्णा. तुमचा मजकूर आला की जाईल."

"आगं पर माझे पाव्हणे बघायलेत. त्यांना वाटंल श्रीमंतला येड लागलं."

"मग मजकूर द्या ना."

"पाठवतो म्हणलं की."

शिवांजलीनं फोन ठेवला आणि आधी ती चाचणीची साइटच कुलूपबंद केली. आता मजकूर मिळेपर्यंत ना अण्णांना दिसणार, ना पाहुण्यांना. तेवढ्यानं राग गेला नाही. ताटातली भाकरी गार झाली होती. तिनं ती बाजूला सारली, मनोगताची चौकट उघडली आणि अण्णांच्या वतीनं लिहायला बसली. मराठीत किती जागा लागते ते बघायचं म्हणून, असं तिनं स्वतःला सांगितलं.

लिहून झाल्यावर तिनं ते वाचलं, एकटीच खदखदून हसली आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा तिला बरं वाटलं.

दसऱ्याच्या आठवडाभर आधी उद्घाटन ठरलं. दोन दिवस राहिले असताना मनोगत आलं, आणि तेही चक्क टाइप केलेलं. 'ग्राहक हाच आमचा देव' वगैरे चार ओळी. तिनं त्या चौकटीत टाकल्या, मोठ्या स्क्रीनवर बघितल्या. मग मोबाईलवर एकेक पान तपासायला घेतलं. सहा पानं झाली. सातवं मनोगताचं. इतक्यात अण्णांचा फोन आला, लाल रंगाबद्दल. पाऊण तास भांडण झालं. फोन ठेवला तेव्हा सातही पानं बघून झाली अशी तिची खात्री होती.

त्या साच्यात मनोगताच्या चौकटी दोन होत्या. एक कंप्युटरवर दिसणारी, एक फक्त मोबाईलवर दिसणारी. त्या दुपारी ती लिहायला बसली होती ती दुसरीत.

उद्घाटनाला वर्कशॉपच्या आवारात मांडव घातला होता. समोर पांढरी चादर ताणून तिच्यावर प्रोजेक्टर सोडला होता. प्रमुख पाहुणे बब्रुवान गुरुजी, अण्णांचे शाळेतले हेडमास्तर, आता निवृत्त. सकाळी अकराला गुरुजींनी लॅपटॉपचं बटण दाबलं. चादरीवर लाल ट्रॉली उमटली. टाळ्या पडल्या. अण्णांनी चादरीजवळ जाऊन तो लाल निरखला आणि मान डोलावली. शिवांजली मागच्या खुर्चीत टेकली.

पण भर उन्हात चादरीवरची अक्षरं कुणाला दिसेनात. गुरुजींनी माइक हातात घेतला.

"मंडळी, आता प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे. मीही माझ्या मोबाईलवर साइट उघडली आहे. माझ्या विद्यार्थ्याचं मनोगत मीच वाचून दाखवतो."

गुरुजींचा आवाज खणखणीत, शब्द न् शब्द सुटा.

"नमस्कार. मी श्रीमंत. मला सांगण्यासारखं पुष्कळ आहे, पण मी सांगणार नाही. पाच महिने मी पाठवतो पाठवतो म्हणतो. मी पाठवत नाही. मी फुलं पाठवतो."

शिवांजली ताडकन खुर्चीतून उठली.

"मला लाल रंग पाहिजे. कोणता ते मला माहीत नाही. ते समोरच्यानं ओळखायचं. मी कुणाचं ऐकत नाही. समोरचा बोलायला लागला की मी ग्राइंडर चालू करतो."

मांडवात कुणीतरी फिसकन हसलं. गुरुजींनी चष्म्यावरून बघितलं. त्यांना वाटलं, विद्यार्थ्याचा विनय लोकांच्या लक्षात येत नाही. म्हणून त्यांनी शेवट जरा भावनेनं वाचला.

"मी असाच आहे आणि असाच राहणार. ज्यांना चालेल त्यांनी यावं. धन्यवाद."

सगळा मांडव हसत सुटला. उसाचे मुकादम, ट्रॅक्टरवाले, वेल्डर, सगळे. पुढच्या रांगेत अण्णांची बायको मल्लम्मा काकू पदरात तोंड घालून गदगदा हलत होत्या. "ग्राइंडरचं खरं हाय," त्या शेजारणीला म्हणाल्या. "घरात बी टीव्हीचा आवाज वाढवत्यात."

अण्णांचा चेहरा आता नेमका त्यांना हवा तसा लाल झाला होता. गुरुजी पाठ थोपटत म्हणाले, "एवढं प्रामाणिक लिहायला धाडस लागतं, श्रीमंत." अण्णांनी दात आवळून हात जोडले.

शिवांजलीनं लॅपटॉप ओढला, ती दुसरी चौकट शोधली, मजकूर पुसला, चार ओळी घातल्या, जतन केलं.

"अजून तेच हाय की," मागून एकजण मोबाईल दाखवत म्हणाला.

साइट पटकन उघडावी म्हणून तिनंच एक सोय बसवली होती. पानाची प्रत साठवून ठेवायची आणि येईल त्याला तीच दाखवायची. ती प्रत काढायला तिला दहा मिनिटं लागली. तेवढ्यात लोकांनी स्क्रीनचे फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकले होते.

पाहुणे चहाला गेल्यावर अण्णांनी तिला पत्र्याच्या शेडमध्ये बोलावलं.

"माझ्या तोंडात शब्द घातलेस. गुरुजींच्या देखत."

"चूक झाली अण्णा. माझी चूक आहे. मी माफी मागते." ती जायला वळली आणि पुन्हा फिरली. "पण त्यात खोटं काय आहे ते सांगा. पाच महिने मी मजकूर मागतेय. चौदा लाल पाठवले. तुम्ही एकदा तरी नीट उत्तर दिलं का?"

"मग काय लिवू?" अण्णा एवढ्या जोरात म्हणाले की बाहेरचे वेल्डर थांबले. "रोज दुकान उघडलं की मोबाईल घेऊन बसायचो. 'नमस्कार' लिवायचो आन् पुसायचो. सातवीतनं शाळा सोडलेला माणूस म्या. मला ट्रॉली करता येती. मनोगत काय असतंय? शेवटाला मेव्हण्याकडनं लिवून घेतलं. तवर तू फोन करणार म्हणून फूल पाठवायचो, निदान काय तरी पाठवलं असं वाटावं."

शिवांजलीनं पाच महिन्यांत मागितलं होतं फक्त, विचारलं काहीच नव्हतं. मग ती तिथंच एका पालथ्या डब्यावर बसली आणि लॅपटॉप उघडला.

"पहिली ट्रॉली कधी केली?"

"कशाला पायजे?"

"सांगा तर."

अण्णा अजून रागातच होते. रागातच त्यांनी सांगायला सुरुवात केली. पहिल्या ट्रॉलीचा साटा, म्हणजे चाकांवरचा लोखंडी सांगाडा, आठ दिवसांत कसा वाकला, भरल्या उसासकट ती भर रस्त्यात कशी बसली, मालकानं सगळ्यांदेखत कशी खरडपट्टी काढली, आणि तेव्हापासून प्रत्येक ट्रॉलीच्या साट्याला ते स्वतः जोड कसा देतात. ती जसंच्या तसं उतरवत गेली. दोन तासांनी मनोगत तयार झालं. मल्लम्मा काकूंनी ते वाचून घेतलं आणि डोळे पुसले. दोन्ही चौकटींत घातलं. मोबाईलवर तिनं तीनदा बघितलं.

आठ दिवसांनी अण्णांचा फोन आला. ते भडकलेले होते.

"परंड्याकडचा एकजण आला होता. दोन ट्रॉल्या सांगून गेला."

"मग चांगलं झालं की."

"काय चांगलं? म्हणतोय, जो स्वतःबद्दल एवढं खरं बोलतोय तो लोखंडात खोट घालणार न्हाय. मला वाटलं आपलं साट्याचं वाचलं. तर ते न्हाय. ते ग्राइंडरचं, ग्रुपवरचं. साट्याचं कुणीच वाचंना. सगळे इचारायलेत, पुढचं कधी येणार. तर आता सगळ्या पानांवर तसंच लिव. ट्रॉलीच्या पानावर, फोटोच्या खाली, समदीकडं."

"अण्णा, ते नवीन मनोगत मी किती मनापासून लिहिलंय."

"ते असू दे एका बाजूला."

तिनं खरंच प्रयत्न केला. दोन दिवस चौकटी उघडून बसली. काही सुचेना. अण्णांचं सगळं ऐकून घेतल्यापासून त्यांच्यावर रागच येईनासा झाला होता. शेवटी तिनं फोन करून तसं सांगितलं.

"अण्णा, तसं ठरवून लिहिता येत नाही. ते आतून यावं लागतं."

"आगं त्याला काय एवढं," अण्णा म्हणाले. "नुसतं बसून टाइप तर करायचं. दोन मिनिटांचं काम हाय."

शिवांजलीनं फोन ठेवला, खुर्ची पुढं ओढली आणि टाइप करायला लागली. संध्याकाळपर्यंत सातही पानं भरली होती.