शंकराण्णांचा उजवा खांदा

सदऱ्याच्या आत, उजव्या खांद्यावर हरभराडाळीची पिशवी बांधून गिऱ्हाइकाला पातेली दाखवणारा माणूस राजारामपुरीत एकच आहे, आणि नशिबानं तो माझा शेजारी आहे. शंकराण्णा. माझं चष्म्याचं दुकान आणि त्यांचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान यांच्यात एक भिंत आहे आणि तीही पातळ. खांदा असा सुजल्यासारखा दिसतो म्हणून नवखं गिऱ्हाईक हळू आवाजात विचारतं, "काय झालं हो?" अण्णा साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा बेतानं सांगतात, "झालं न्हाय काय. रायफल घ्यायला लागलोय. मोठी. तिची लात सोसायला खांदा तयार करतोय."

लात म्हणजे लाथ. बार उडाला की बंदूक मागं खांद्यावर जो दणका मारते, त्याला अण्णांनी दिलेलं हे नाव. हा शब्द त्यांच्या तोंडी असा बसला की प्रत्येक वस्तूची पारख ते त्यावरच करू लागले. माझ्या मुलानं नवी मोटारसायकल आणली तर विचारलं, "लात किती?" मिसळीच्या दुकानात कट पुढं आला तरी तेच. माझी सासू आठ दिवस राहायला आली, तेव्हाही त्यांनी मला बाजूला घेऊन तेच विचारलं.

आता या शिकारी पुरुषाची ओळख करून देतो. अण्णा लिंगायत. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, अंड्याचं नाव निघालं तरी चूळ भरणार. दुकानात झुरळ निघालं तर मारत नाहीत, कागदावर घेऊन अलगद बाहेर सोडतात, आणि ते झुरळ माझ्या दुकानात येतं. बायको जाऊन काही वर्षं झाली, मुलगा-सून पुण्याला. दुकानाच्या वरच्या फ्लॅटमध्ये अण्णा एकटेच. असा हा माणूस हत्ती आडवा पडेल एवढ्या बोअरची रायफल घ्यायची म्हणत होता.

कारण म्हणून जे सांगत ते असं. मलकापूरच्या पुढं डोंगराच्या पोटाला त्यांची वडिलार्जित जमीन आहे. तिथं त्यांची थोरली बहीण, अक्का, दोन म्हशी घेऊन एकटी राहते. जंगलातनं गवे उतरतात, ऊस तुडवतात, एकदा तर थेट अंगणात आले. अक्काच्या जिवाला धोका आहे, म्हणून बंदूक. ऐकायला हे अगदी रास्त होतं. पण गव्याला इजा करायला कायद्यानं बंदी, आणि हा कायदा माझ्याकडून अण्णांनीच पाठ करून घेतलेला. म्हणजे उरला फक्त आवाज.

"अण्णा, आवाजच करायचा तर सुतळी बॉम्ब लावा की," मी म्हणालो.

"डॉक्टर, तुमी काचा पुसा." मी डॉक्टर नाही, पण गल्लीत चष्मेवाल्याला ही पदवी फुकट मिळते.

"बरं, तुमच्या वडिलांची बारा बोअर आहे. परवाना तुमच्या नावावर झालाय. ती काय वाईट वाजते?"

"ती इकून टाकायचीय. तिला लात न्हाय."

मला वाटलं, झालं, हा आपला कोल्हापुरी ताठा. इथं कुणी मिसळ कमी तिखट मागत नाही, कुणी मोटारसायकलला आहे तोच सायलेन्सर ठेवत नाही. अण्णांना बंदूकही तशीच पाहिजे होती, आवाज गावभर आणि उपयोग शून्य. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. त्यांनी खांद्यावरची पिशवी नीट केली आणि कुकरची शिट्टी शोधायला लागले.

रायफल बघायला अण्णा एका जुन्या इनामदार घराण्याच्या वाड्यावर गेले, तेव्हा त्यांनी मला सोबत नेलं. इनामदारांच्या नातवाला आजोबांची शिकारीची हत्यारं रीतसर परवानेवाल्याला विकून टाकायची होती. त्यानं पहिली रायफल पुढं केली. सडपातळ, देखणी.

"लात किती?"

"अजिबात नाही काका. बायकासुद्धा उडवतील."

अण्णांनी हात लावला नाही. "नको."

दुसरी जरा दणकट. तिचा धक्का बेताचा, पण सवय झाली की कुणालाही जमेल, असं नातू म्हणाला. अण्णांनी तीही बाजूला सारली. मला कळेना. जगातलं गिऱ्हाईक ज्या गुणासाठी पैसे मोजतं, त्याच गुणापायी हे गृहस्थ माल नाकारत होते. शेवटी नातवानं कपाटामागनं तिसरी काढली. नळी अशी की आत अंगठा जावा. "ही आजोबांनी एकदाच उडवली," तो म्हणाला. "त्यानंतर ते तिचं नाव काढत नव्हते."

अण्णांच्या चेहऱ्यावर जे हसू आलं, ते मी त्यांच्या मुलाच्या लग्नातही बघितलं नव्हतं. "हीच," ते म्हणाले.

परवान्यावर बदल होऊन रायफल हातात येईपर्यंत बरेच महिने गेले आणि ते सगळे महिने माझ्या भिंतीनं सोसले. अण्णांनी सुताराकडनं तेवढ्याच वजनाची लाकडी बंदूक करून घेतली. शिरोली एमआयडीसीत फाउंड्री असलेल्या दोस्ताकडून बिडाचे तुकडे आणून तिच्या पोटात भरले; खऱ्या रायफलीच्या दस्त्यातही तेवढेच भरायचे होते, कारण बंदूक जड असली की लाथ कमी बसते म्हणे. मग लाथ जास्त पाहिजे म्हणून जी घेतली, तिची लाथ कमी करायला हा खटाटोप कशासाठी? हेही विचारलं. "मला कमी पायजे, डॉक्टर. बंदुकीला न्हवं," असं उत्तर आलं. त्यात अर्थ आहे असं मला तेव्हा वाटलं नाही.

सरावाची पद्धत अशी. अण्णा दुकानात मध्यभागी पुढं झुकून उभे राहत, लाकडी दस्ता खांद्यात घट्ट दाबत, तोंडानं "धाड!" म्हणत आणि स्वतःच मागं उडी मारत. मागं घागरींचा मनोरा. तो कोसळला की माझ्याकडं नंबर तपासायला बसलेलं गिऱ्हाईक खुर्चीतनं उठून पळे. एवढं करून "धाड" म्हणताना अण्णांचे डोळे गच्च मिटत. मी म्हणालो, "डोळे मिटून नेम धरणाऱ्याला माझ्याकडं चष्मा नाही." त्यावर त्यांनी मला दुकानात उभं केलं आणि आपल्या डोळ्यांकडं बघत राहायला सांगितलं. ते "धाड" म्हणणार आणि पापणी लवली की मी "मिटले" म्हणणार. माझ्या धंद्याचे तास असे गेले.

लाथ झेलायला दस्त्याच्या टोकाला मऊ गादी लागते. ती बाजारात तयार मिळते. पण तयार घेईल तर तो कोल्हापूरकर कसला? अण्णा चप्पल करणाऱ्याकडं गेले आणि चांगल्या कातड्याची, पदरावर पदर शिवलेली गादी सांगून आले. वर बजावलं, पायातल्या चपलेत बी घालून जसा करकर आवाज काढतात, तसा ह्या गादीतही निघाला पाहिजे. कारागिरानं सांगितलं, "अण्णा, जनावर पळंल की आवाजानं." अण्णा म्हणाले, "पळायलाच पायजे की! आणि कोल्हापूरचं कातडं मुकं कसं ऱ्हाईल?" गादी आली. अण्णांनी दस्ता खांद्यात दाबला की दुकानात कुणीतरी पाटील चालत आल्यासारखं वाटे.

गळ्यातल्या लिंगाला धक्का लागेल, हीही एक काळजी होती. त्यांनी दोरा आखूड करून लिंग डावीकडं घेतलं आणि मठातल्या स्वामींना चालेल का विचारलं. स्वामी शांतपणे म्हणाले, "लिंगाला धक्का द्यायचा न्हाय, गव्याला द्यायचा न्हाय, मग बंदूक घेताय कुणासाठी?" अण्णा नमस्कार करून बाहेर आले. त्यांच्या व्हॅनमध्ये बसल्यावर मला घागरींचा भाव सांगू लागले. बंदुकीचा विषय निघाला नाही म्हणून मी खूश होतो, एवढंच मला आठवतं.

शेवटी एका शनिवारी रायफल गवसणीत घालून आम्ही व्हॅननं शेतावर गेलो. अक्का अंगण शेणानं सारवत होती. वय सत्तरीच्या पुढं, बांधा काटक, आणि आवाज असा की अण्णा तिच्यापुढं कुजबुजल्यासारखे वाटावेत. तिनं आम्हाला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"शंक्या, परत आलास व्हय? दुकान कुणाच्या नावानं सोडलंस? आणि हे पावणं कोण?"

"अक्का, रायफल आणलीया. गव्यांसाठी."

"गवं न्हाईत की आज."

गवे खरंच नव्हते. पण अण्णा आता थांबणार नव्हते. समोर डोंगराचा मातीचा उतार होता, माणूसबिणूस नाही याची खात्री करून त्यांनी काडतूस भरलं. करकर करत दस्ता खांद्यात घेतला. पुढं झुकले. अक्का ओरडली, "पाय रोव की, मुडद्या!"

आवाज झाला तो डोंगराला वळसा घालून परत आला. म्हशी दावं तोडायला निघाल्या. धूर विरला तेव्हा अण्णा जागेवर नव्हते. ते मागच्या कडब्याच्या गंजीत कमरेएवढे रुतून बसले होते, चष्मा एका कानाला लोंबत होता आणि तोंडावर मात्र विजय होता. "डोळं उघडं हुतं, डॉक्टर! बगितलासा न्हवं?"

अक्का पोट धरून हसत होती. हसू आवरून तिनं शेणाचे हात पदराला पुसले. "दे बगू हिकडं." अण्णांनी नळी मोकळी करून रायफल तिच्या हातात दिली आणि श्वास रोखून बघत राहिले. अक्कानं ती वीतभर उचलली, लगेच खाटेवर टेकवली आणि कमरेवर हात ठेवला. "आगं बया! काय ह्ये वजन. न्हाय बा माज्यानं व्हायाचं. लात तर लांबच. तूच उडव बाबा."

अण्णांचा चेहरा उजळला. मी त्यांना बांधावर नेलं. खांद्याला हळद लावलेली, हात वर होत नव्हता, आणि माणूस गुणगुणत होता. माझा धीर सुटला. म्हणालो, "अण्णा, आता खरं सांगा. ही धोंड कशाला घेतली?"

त्यांनी बांधावरचं पाचट पायानं सारून बसायला जागा केली. मग म्हणाले, "आप्पांची बारा बोअर हुती न्हवं, ती अक्काच उडवायची. परवाना माज्या नावावर, बंदूक तिच्या हातात. बेकायदा हाय म्हनून वरडलो तर मलाच शिव्या. म्हनाली, तू तुजं दुकान बग जा, माजं मी बगती. सुतळी बॉम्ब आणून दिलं, तर पोतं ठिवून घेतलं आणि म्हनाली, आता यायचं कारण न्हाय. आई गेली तवा मी रांगत हुतो, डॉक्टर. हिनं वाडवलं. आता यिऊन ऱ्हातो म्हनलं की हाकलती. तिला कोण लागत न्हाय." त्यांनी चष्मा सदऱ्याला पुसला. "मला लागतंय की."

"मग?"

"मग काय! तिला उडवाय येणार न्हाय अशी एक वस्तू पायजे हुती. आणि परवान्याची बंदूक मालकानं दुसऱ्याकडं ठिवून जायाची न्हाय, कायदाच हाय तसा. म्हंजे बंदूक हितं पायजे, तर मी बी हितं पायजे. आता शनवारी येनार, सोमवारी जानार. तिला न्हाय म्हनता यायचं न्हाय."

इतके महिने मी या माणसाला हसलो होतो. तिथं बांधावर मला त्यांची लाज नाही, माझी स्वतःचीही नाही, फक्त त्यांच्याबद्दल फार माया वाटली. मी एवढंच म्हणालो की गादीची करकर कमी करून घ्या.

मला दुपारच्या एसटीनं परतायचं होतं. अण्णा विहिरीवर अंघोळीला गेले आणि मी पिशवी घ्यायला घरात शिरलो. अक्का भावासाठी खाटेवर वाकळ अंथरत होती. रायफल आडवी आली, तर तिनं ती एका हातानं उचलली, दुसऱ्या हातानं वाकळेची घडी उलगडत राहिली, आणि टाचा उंचावून भिंतीवरच्या वरच्या खुंटीला सहज अडकवली. वळली, तर दारात मी.

 तिनं विहिरीकडं कान दिला. रहाटाचा आवाज येत होता. मग ती जवळ आली आणि पहिल्यांदाच हळू आवाजात बोलली.

"पावणं, त्येला सांगू नगासा. यायचा बंद हुईल."