दाराची खबर धुळ्याला

त्या गुरुवारी सगळं नेहमीसारखंच बिघडत गेलं.

सकाळी साडेअकराला दिपमाला कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांना नंबरच्या पट्ट्या चिकटवत होती, तेवढ्यात धुळ्याहून घरमालकांचा फोन आला.

"दिपमालाताई, तुमचं दार अकरा सत्तावीसला उघडलंय."

"तुम्हीच उघडलं असेल ना, भाऊ?"

"हो, मीच उघडलं. आबा आलेत. पण उघडलं ते उघडंच आहे. तीन मिनिटं झाली, माझा फोन कोकलतोय. मी इथे पुतण्याच्या साखरपुड्यात उभा आहे."

प्रेमराजभाऊ पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन धुळ्यात राहत होते आणि जळगावातली त्यांची दोन मजली इमारत भाड्याने दिलेली होती. आधीच्या भाडेकरूने तीनदा किल्ली हरवली, म्हणून पुण्यातल्या मुलाने वरच्या फ्लॅटला मोबाइलवर चालणारं कुलूप बसवून दिलं. ते फोनने उघडायचं, बोट लावलं की उघडायचं, आणि दार मिटलं की आपोआप लागायचं. एवढ्यावर थांबलं असतं तर दिपमालाने त्याची आरती केली असती. पण दार उघडलं की कोणी उघडलं, किती वाजता, किती वेळ, ही सगळी खबर धुळ्याला जायची.

गेल्या वर्षभरात प्रेमराजभाऊंनी तिला अत्यंत आदराने विचारलेले प्रश्न असे होते: "शनिवारी दार अकरा मिनिटं उघडं होतं, कोणी आलं होतं का?" "काल उशीर झाला, गाडी पंक्चर होती का?" "आज गेला नाहीत, बरं नाही का?" त्यांच्या आवाजात कुठेही चोंबडेपणा नसायचा, आणि तेच जास्त छळायचं. मध्ये दिवाळीनंतर कुलपाच्या बॅटऱ्या गेल्या आणि आठवडाभर साधं कुलूप लावावं लागलं, तेव्हा तिला आपण खरोखरच चौतीस वर्षांच्या आहोत असं वाटलं होतं. त्या आठवड्यात त्रास एवढाच झाला की खालच्या मंदाबाईंना रोज रात्री आठ-साडेआठला विरजण लागायचं.

तिने आबांना फोन लावला.

"आबा, दार का उघडं ठेवलंय?"

"उघडं नई, बेटा. चप्पल लाई शे त्यान्हामा."

आबांचं, म्हणजे अभिमन पाटलांचं, घर धरणगावच्या पलीकडे. तिकडे घरात माणूस असताना दिवसा दार मिटलेलं दिसलं, तर शेजारी चौकशीला येतात. आबांना बंद दाराआड बसवायचंच नाही. म्हणून ते लेकीकडे आले की आधी चप्पल काढायचे आणि दाराच्या फटीत सारायचे.

"चप्पल काढा आणि दार लावून घ्या. त्या भाऊंचा फोन वाजतोय."

"काढस. नई तरी मले चप्पल लागीनच. गच्ची तपेल शे."

गच्चीवर कशाला, हे विचारायचं दिपमालाच्या डोक्यात आलं नाही. ते आलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती.

आबांनी पिशवीतून भरताची वांगी आणली होती, हिरवी, हाताएवढी. त्यांच्या मते गॅसवर भाजलेलं वांगं आजारी माणसाने खावं. भरीत खायचं तर वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजली पाहिजेत. काड्यांची ती मोळी त्यांनी एसटीत मांडीवर घेऊन आणली होती. कंडक्टर म्हणाला, "आबा, याचं तिकीट लागेल." आबा म्हणाले, "हाफ लाव, याच वर्सनी शे."

तर आबा मोळी, वांगी आणि काडीपेटी घेऊन, चप्पल घालून गच्चीवर गेले. मागे दार मिटलं आणि लागलं. फोन राहिला ओट्यावर. सदरा राहिला खुर्चीवर, कारण तो धुतलेला होता आणि काड्यांचा धूर बसतो.

वांगी भाजत आली तेव्हा आबा परात घ्यायला खाली आले. दार बंद. त्यांनी अंगठा लावला. कुलपातली बाई इंग्रजीत काहीतरी म्हणाली. आबांनी तिला अहिराणीत उत्तर दिलं आणि दुसरं बोट लावलं.

आबांचं बोट त्या कुलपाने आजवर एकदाही ओळखलेलं नव्हतं. पन्नास वर्षं कापूस वेचून त्यांच्या बोटांवरच्या रेषा गेल्या होत्या. रेशनच्या दुकानातलं यंत्रही त्यांना ओळखायचं नाही. म्हणून ते आले की प्रेमराजभाऊंना फोन करायचे आणि भाऊ धुळ्याहून दार उघडायचे. आता फोन दाराच्या आत होता आणि आबा बाहेर. त्यांनी दहाही बोटं लावून पाहिली, काजळीसकट. दहाव्या बोटाला कुलपाने लाल दिवा लावला आणि घर सगळ्यांसाठीच बंद करून टाकलं.

साखरपुड्यात प्रेमराजभाऊंच्या फोनवर अक्षरं उमटली: अनोळखी व्यक्तीचा दार उघडण्याचा प्रयत्न, दहा वेळा. ते वाचून होतंय तोवर मंदाबाईंचा फोन आला, "भाऊ, आपल्या गच्चीतून धूर निघतोय हो!"

प्रेमराजभाऊंनी दोन्ही बातम्या एकत्र केल्या आणि दिपमालाला कळवलं, "ताई, चोर आहे. दार उघडेना म्हणून त्याने आग लावली!"

दिपमाला स्कूटीवरून सात मिनिटांत पोचली. चोर जिन्यात बनियनवर बसला होता.

"दिपू, हाई दार मले वळखस नई."

"आबा, धूर कसला?"

"वांगा! बठ्ठा वांगा जळी जातीन, ते दख आधी!"

तिने स्वतःचा अंगठा लावला. लाल दिवा. पुन्हा लावला. कुलपातली बाई आता जरा तुसडेपणाने बोलली. मग तिने धुळ्याला फोन लावला. मागे सनई आणि कोणाच्या तरी वहिनीचा उखाणा ऐकू येत होता.

"भाऊ, चोर नाही, आबा आहेत. मालकाच्या फोनवरूनच उघडेल आता. उघडा."

"उघडतो. एक मिनिट. अरे! माझा फोनच उघडत नाहीये."

"का?"

"तो चेहरा बघून उघडतो. मला फेटा बांधलाय, कपाळभर गंध लावलंय. तो म्हणतो, हे तुम्ही नाही."

"मग आकडा टाका."

"आकडा मुलाला माहीत आहे. मुलगा पुण्याला आहे, मीटिंगमध्ये."

"मग फेटा काढा ना, भाऊ!"

भाऊंनी आवाज खाली आणला. "ताई, मानाचा फेटा आहे. आत्ताच व्याह्यांनी बांधलाय. अजून सुपारी फुटायची आहे."

तोवर मंदाबाई वर येऊन सगळं ऐकत उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "फेटा काढेपर्यंत वांग्यांचा कोळसा होईल. चला वर. माझ्याकडे कळण्याच्या भाकरी आहेत."

म्हणून भरीत गच्चीवरच झालं. आबांनी वांगी सोलली, मंदाबाईंच्या परातीत ठेचली, हिरवी मिरची आणि लसूण त्यांच्याच घरातून आले. टाकीच्या सावलीत तिघं बसली. दिपमालाने पहिला घास घेतला आणि चिडायचं होतं ते पुढच्या घासावर ढकललं.

धुळ्यात प्रेमराजभाऊंनी मान वाकवून हळूच फेटा उचलला, गंध पुसलं, फोन उघडला आणि दार उघडलं. दारात कोणीच नव्हतं. तीस सेकंदांनी दार पुन्हा लागलं. भाऊंनी फेटा चढवला. फोन पुन्हा त्यांना ओळखेना. मग दिपमालाचा फोन गेला, "भाऊ, उघडताय ना?" आणि भाऊंनी दुसऱ्यांदा फेटा उतरवला. या वेळी व्याह्यांनी पाहिलं. संबंध मोडला नाही एवढंच, पण मुलीचे मामा न जेवता जीपमध्ये जाऊन बसले.

दार उघडलं तशी दिपमालाने आत पाय ठेवण्याआधीच, जिन्यात उभं राहून, वर्षभराचं बोलून घेतलं.

"भाऊ, एक सांगते. घर तुमचं आहे, मान्य. भाडं मी देते, म्हणजे माझं येणंजाणं माझं आहे. मी कधी आले, कधी गेले, ही खबर तुम्हाला जाता कामा नये. आजच ती बंद करा. नाहीतर मी दुसरं घर बघते."

"ताई, बंद करतो. पण..."

"पण काय?"

प्रेमराजभाऊ काहीतरी बोलायला गेले आणि थांबले. आबा परातीतला लसूण निरखत होते.

"ऱ्हाऊ दे ना, बेटा," ते म्हणाले. "काय बिघडस त्यान्हामा?"

"तुमच्या दाराची खबर कोणी रोज ठेवली, तर चालेल तुम्हाला?"

"मना दारले कुलूपच नई शे."

त्यावर मंदाबाई एवढ्या हसल्या की दिपमालालाही हसू आवरेना.

संध्याकाळी तिने आबांना स्टँडवर सोडलं. बस लागली. आबा खिडकीत बसले आणि नेहमीचं वाक्य बोलले, "घर पोचनी का फोन करजो."

"आबा, धरणगावला तुम्ही चाललात. मी दोन किलोमीटरवर राहते."

"तरी."

"तुम्ही पोचलात की तुम्ही करा."

हे त्यांचं वीस वर्षांचं भांडण होतं. ती होस्टेलला गेली तेव्हापासून आबा पोचल्याचा फोन मागायचे आणि ती करायची नाही. सुरुवातीला विसरायची, नंतर मुद्दाम. आई गेल्यावर ते आणखी मागायला लागले, ही आणखी टाळायला लागली. मग अलीकडे वर्षभर त्यांनी फोनवर विचारणं सोडून दिलं होतं. तिला वाटलं, जिंकले. त्या संध्याकाळीही ती भाजी घेऊन घरी गेली, दार उघडलं, दिवा लावला. फोन केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला नवलचा, तिच्या भावाचा, फोन आला. आबा शेतात बांधावर बसले होते. उठलेच नाहीत.

पंधरा दिवसांनी ती जळगावला परत आली, त्याच दिवशी दुपारी प्रेमराजभाऊ आले. दार उघडं असूनही बाहेरच उभे राहिले आणि आत यायला सांगितल्यावर आले. खुर्चीच्या कडेवर बसले. बराच वेळ पाण्याचा ग्लास हातात फिरवत राहिले.

"ताई, कुलपाचं सगळं तुमच्या नावावर करून आणलंय. मुलाला बोलावून घेतलं होतं. आता मला काही दिसत नाही. खबर जाईल ती फक्त तुमच्याच फोनवर."

"बरं झालं, भाऊ."

"तसंही आता मला कोणी विचारणारं नाही."

दिपमालाने वर पाहिलं.

"रोज साडेआठला आबांचा मिसकॉल यायचा," भाऊ म्हणाले. "मी उलटा फोन लावायचो. ते एकच विचारायचे, पोरगी पोचनी का? मी फोनमध्ये बघून सांगायचो, सात बावन्न. ते म्हणायचे, बरं. झालं, ठेवून द्यायचे. वर्षभर."

"म्हणून तुम्ही मला विचारायचात, उशीर का झाला?"

"ते विचारायचे, मी काय सांगणार? एकदा तुम्ही दहापर्यंत आला नव्हतात. मी पोचल्या म्हणून ठोकून दिलं आणि तुम्ही येईपर्यंत फोनकडे बघत बसलो. बायको म्हणाली, हे कसलं भाडं घेता तुम्ही!"

"आणि बॅटऱ्या गेल्या होत्या तेव्हा?"

प्रेमराजभाऊंनी मान खाली घातली. "तेव्हा मंदाबाईंना फोन करायचो. त्या वर येऊन बघून जायच्या."

दिपमालाला आठ दिवसांचं विरजण आठवलं. तिने तोंडावर पदर घेतला. ती हसतेय की रडतेय, हे भाऊंना कळेना. तिलाही नीट कळत नव्हतं.

"मला विचारायला हवं होतं, भाऊ," थोड्या वेळाने ती म्हणाली. "माझं दार होतं."

"हवं होतं. मी आबांना म्हटलंही. ते म्हणाले, इचारं तं ती नईच म्हनी."

ते खरं होतं.

उठताना भाऊ दारात थांबले. "त्या गुरुवारी बंद करतो म्हणालो, पण त्या फेट्याच्या भानगडीत राहूनच गेलं. साडेआठला मिसकॉल आला. मी सांगितलं, सात चाळीसला पोचल्या. म्हणाले, चांगलं झालं, आते झोप येई."

ते जिना उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी ती कॉलेजला गेली. परतताना बाजारात थोडी रेंगाळली. पावणेआठला जिना चढली, अंगठा लावला. हिरवा दिवा लागला, दार उघडलं आणि पर्समध्ये तिचाच फोन वाजला. तिने काढून पाहिला. दार उघडले, सात सत्तेचाळीस, दिपमाला.

मागे जिन्यात पावलं वाजली. मंदाबाई वाटी घेऊन उभ्या होत्या.

"विरजण आहे का गं?"

"काकू, तुमच्या मागे आता कोणी लागलेलं नाही."

"माहितीये. तरी."

दिपमालाने चप्पल काढली. एक दाराच्या फटीत सारली. दार उघडं राहिलं. मिनिटभराने तिचा फोन कोकलायला लागला. तिने तो कोकलू दिला आणि रिकाम्या घराकडे तोंड करून, मंदाबाईंना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली,

"आबा, पोचनी पोरगी."