नवा गडी आणि माशांची पिशवी

जावयाला नाही म्हणता येत नाही. आमच्या साताऱ्याकडं जावई विहिरीत उडी मारा म्हणाला, तर सासरा फक्त कुठल्या विहिरीत एवढंच विचारतो. त्यामुळे एप्रिलमध्ये ऋषीराव चहा पिता पिता म्हणाले, "बाबा, आमच्या लीगमध्ये एक माणूस कमी पडतोय, तुम्ही येता का?" तेव्हा मी एकच शंका काढली. पळावं लागणार नाही ना?

"नाही बाबा. सगळं मोबाइलवर असतं."

मग काय, आलो. आणि छातीत धडधड लावून घेतली.

ऋषीराव म्हणजे आमच्या वैदेहीचे यजमान. तळोज्याकडच्या त्यांच्या फ्लॅटचं पझेशन रखडलं, म्हणून दोघं आमच्या खारघरच्या घरात राहायला आलेली. दोघंही अमेरिकन क्लायंटचं काम करतात आणि तिकडच्या साहेबांच्या नादानं त्यांना तिकडच्या फुटबॉलचं वेड लागलंय. (हा पायानं खेळायचा फुटबॉल नव्हे. यात नारळासारखा बॉल बगलेत मारून पळायचं असतं आणि बाकीच्यांनी अंगावर पडायचं असतं.) लीग म्हणजे असं, की खरे गडी तिकडे मार खातात आणि आपण इकडे मोबाइलवर त्यांचे मालक. आपला गडी तिकडे पळाला की इकडे आपल्याला पॉइंट. प्रत्येक गड्याची एक किंमत असते आणि ती शेअरसारखी वरखाली होते. पैशांचा संबंध नाही. फक्त इज्जतीचा आहे, म्हणून तर जास्त टेन्शन.

माझ्या वाट्याला आला एक धिप्पाड, तिशी उलटलेला गडी. बॉल घेऊन पळायचं हे त्याचं काम. त्याचं नाव माझ्या जिभेवर बसेना, पण चेहरा थेट आमच्या कंपनीतल्या डिस्पॅचच्या भगवानसारखा. म्हणून मी त्याला भगवानराव म्हणायला लागलो. घरात सगळेच म्हणायला लागले.

महिनाअखेरीस तिकडे ड्राफ्ट झाला. म्हणजे कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली पोरं टीमा आळीपाळीनं उचलतात. अशा नव्या पोराला रुकी म्हणतात. सकाळी ऋषीराव जरा जपूनच म्हणाले, "बाबा, भगवानरावांच्या टीमनं पहिल्याच फेरीत एक पोरगा घेतला. त्यांच्याच पोझिशनचा."

"अरे वा," मी म्हणालो. "मिळाला म्हणा एकदाचा हाताखाली माणूस."

आता यात माझं काय चुकलं ते सांगा. तळोज्याच्या एका कारखान्यात मी स्टोअरमध्ये क्लार्क आहे. हाताखाली एक पोरगा द्या म्हणून साहेबांच्या मागे लागून लागून माझे केस गेले. हाताखाली माणूस आला म्हणजे आपण साहेब. तो पळणार, आपण सही करणार. भगवानरावांचं भाग्य उजळलं म्हणून मी इतका खूश झालो, की ज्यांच्या ज्यांच्या टीमनं असं नवं पोर घेतलंय असे आणखी दोन वयस्कर गडी ऋषीरावांकडून आणि वैदेहीकडून मागून घेतले. बदल्यात आमच्या लीगमध्ये नवी पोरं उचलायचे माझे नंबर त्यांना देऊन टाकले. दोघं एकमेकांकडं बघत होती. मला वाटलं, माझं धोरण बघून थक्क झालीत.

संध्याकाळी कामावरून आलो आणि मोबाइल उघडला, तर माझ्या तिघांपुढं लाल बाण. भगवानराव निम्म्यावर आले होते.

"बाबा," वैदेही माझ्या शेजारी बसली. "तो पोरगा त्यांच्या हाताखाली नाही आला. त्यांच्या जागेवर आलाय."

"मग भगवानरावांनी कुठं जायचं?"

"बेंचवर. नाहीतर घरी."

मी मान वर केली. समोर माझ्या खुर्चीत ऋषीराव बसले होते. माझा रिमोट त्यांच्या हातात होता. आतून माझी बायको मीना म्हणत होती, "ऋषीराव, ते सिलिंडरचं तेवढं बघाल का?" सोसायटीच्या मीटिंगलाही गेल्या वेळी तेच जाऊन आले होते. सुरमईची मधली तुकडी, जी लग्नापासून माझी होती, ती गेले दोन महिने त्यांच्या ताटात पडत होती आणि मी शेपटीकडचा तुकडा चघळत, जावयाचा मान असतो, असं स्वतःला समजावत होतो. मान कसला? माझ्याच घरात, पहिल्याच फेरीत, माझ्याच पोझिशनचा गडी आला होता, आणि मी त्याला रोज सकाळी चहा करून देत होतो.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मीना सहज म्हणाली, "उद्या मासे ऋषीराव आणतील. तुम्हाला आराम."

आराम हा शब्द ऐकला आणि मी उठून माशांची पिशवी हातात घेतली. तुम्हाला कल्पना नाही ती पिशवी काय आहे. मीना मालवणची. लग्नानंतर सासुरवाडीला कुणीतरी म्हणालं होतं, साताऱ्याच्या माणसाला माशातलं काय कळणार? त्या दिवशी मी पिशवी उचलली ती आजतागायत खाली ठेवली नव्हती. ऑफिसात मला कुणी विचारत नाही, सोसायटीत कुणी ओळखत नाही, पण रविवारी सकाळी मासेवाल्या राजाबाईच्या पाटीसमोर मी उकिडवा बसलो, की बाजूची गिऱ्हाइकं माझ्याकडं बघत राहतात. तीही गेली तर या घरात मी नेमका कोण?

घाबरलेला माणूस काय वाटेल ते करतो. मी ऋषीरावांना जवळ बसवलं आणि म्हणालो, "या, तुम्हाला मासे घ्यायला शिकवतो." आणि मी इतकी वर्षं जे करत आलो, त्याच्या बरोब्बर उलटं सांगितलं.

"डोळे चकचकीत, फुगलेले बघायचे. गलफडं लालभडक. आणि बोट दाबून बघा, अजिबात रुतता कामा नये. टणक पाहिजे."

(कोवळी चीज मऊ असते, हे भेंडी घेणाऱ्यालासुद्धा कळतं. पण ऋषीराव मान हलवत मोबाइलवर टिपून घेत होते.)

रविवारी मी अंघोळ करून बाहेर येतो तर ऋषीराव मासे घेऊन हजर. एवढ्यात कसे आले म्हणून मनातल्या मनात हसलो. तोच मीना म्हणाली, "अहो, चांगला शर्ट घाला. व्याही आणि विहीणबाई येतायत घणसोलीहून. जेवायलाच."

माझं हसू घशात अडकलं. गेल्याच वर्षी व्याह्यांची अँजिओप्लास्टी झालीय.

मी सिंककडं धावलो. पापलेटं माझ्याकडं डोळे वटारून बघत होती. गलफडं रक्तासारखी लाल. बोट दाबलं तर लाकूड. माणूससुद्धा मेल्यावर बऱ्याच वेळानं असा ताठ होतो. मला तर दवाखाना, सलाइन, विहीणबाईंचा हंबरडा, सगळं दिसायला लागलं.

"मीना, आज पिठलं केलं तर?"

"बरं नाही का तुम्हाला?" तिनं माझ्या कपाळाला हात लावला आणि पापलेटांना मसाला.

पाहुणे आले. पानं वाढली. मधली तुकडी अर्थातच ऋषीरावांना गेली, पण मला त्याचं काही वाटेना. व्याह्यांनी घास मोडला, तोंडाकडं नेला, आणि मी त्यांचं मनगट धरलं.

"खाऊ नका."

सगळे थांबले. विहीणबाईंच्या हातातला सोलकढीची वाटी तशीच हवेत राहिली.

"मासे खराब आहेत," मी म्हणालो. "ऋषीरावांची चूक नाही. मीच त्यांना मुद्दाम उलटं शिकवलं. डोळे चकचकीत, गलफडं लाल, अंग टणक. माझ्या जागेवर ते येतील अशी भीती वाटली मला."

व्याही मूळचे अलिबागचे, मासळीत वाढलेला माणूस. त्यांनी हळूच आपलं मनगट सोडवून घेतलं, घास तोंडात टाकला, डोळे मिटले.

"नंदकुमारराव, मासा सकाळचा आहे," ते म्हणाले. "तुम्ही तर अगदी बरोबर शिकवलंत."

"म्हणजे मग, बाबा," वैदेहीनं विचारलं, "सुलटं काय होतं?"

मी सांगितलं. डोळे शांत, धुरकट. गलफडं जरा तपकिरी. आणि बोट पहिल्या पेरापर्यंत गेलं पाहिजे.

विहीणबाईंनी पदर तोंडाला लावला. वैदेही स्वतःच्या पोटाकडं बघत राहिली. मग ऋषीराव अगदी नम्रपणे म्हणाले, "तरीच राजाबाई मला विचारत होत्या, तुमचा सासरा नाय आला? मंग ही मऊवाली मी कोनाला देऊ?"

पाहुणे गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो. मीना भांडी पुसत होती.

"तुला माहीत होतं?"

"पहिल्याच रविवारी कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? तुम्ही पिशवी घेऊन असे ऐटीत निघायचा. म्हटलं, जाऊ दे. जास्तच मऊ असले तर गुपचूप मांजरांना घालायची आणि अंडी करायची. बाकीच्यांत तिरफळं आणि कोकमाचं आगळ थोडं जास्त घातलं की झालं."

केवळ माझ्यासाठी या बाईनं आयुष्यभर तिरफळं जास्त घातली. मी फडकं घेतलं आणि तिच्या शेजारी उभा राहून ताट पुसायला लागलो.

"आणि दुसरं म्हणजे," ती म्हणाली, "रविवारी सकाळी घर कसं शांत असायचं. ऋषीरावांचं तेवढंच वाईट, अर्ध्या तासात परत येतात. त्यामुळं तुम्ही जात जा. मासे ते आणतील."

सप्टेंबरात तिकडचा सीझन सुरू झाला. भगवानरावांना काढलं नाही हो. ऋषीरावांनी परवाच्या रविवारी मला मोबाइलवर मॅच दाखवली. त्या नव्या पोराच्या पुढं, त्याला वाट मोकळी करून देत, भगवानराव जीव तोडून धावतात, समोरच्याला अंगावर घेतात, पडतात, उठतात, परत धावतात. आणि माझ्या खात्यात पॉइंट शून्य.

"एवढं पळतायत, मग पॉइंट का नाही?"

"बॉल त्यांच्याकडं नसतो ना, बाबा."

मी रिकामी पिशवी घेतली आणि चपला घातल्या.

"अहो," आतून मीना म्हणाली, "लवकर येऊ नका."