नाजूकबाईचा तंग

“त्यात काय एवढं? मी बघतो!” असं हेडक्लार्क बोलून गेले आणि तिथंच घोडं पेंड खायला लागलं. (खरं तर घोडी होती, पण म्हणीला कोण विचारतो?)

त्यांची मुलगी घोडेस्वारी शिकत होती. रविवारी सगळ्या पालकांसमोर मुलांची प्रात्यक्षिकं व्हायची होती. तिच्या वाट्याला आलेली घोडी भारी हळवी, तबेल्यात सगळे तिला नाजूकबाई म्हणत. खोगीर जागेवर राहावं म्हणून पोटाखालून जो पट्टा आवळतात ना, तो तंग, तो काही तिला सोसायचा नाही. पट्टा पोटाला लागला रे लागला की बाईसाहेबांचे कान मागे आणि दात पुढे. शिकवणाऱ्या बाईंनी स्पष्टच सांगितलं, “तंगाखाली हिला मानवेल असं मऊ अस्तर मिळालं तर मुलगी हिच्यावर बसेल. नाहीतर बाकावर बसून टाळ्या वाजवायच्या. दुसरा घोडा मोकळा नाही.”

मुलीचे डोळे भरून आले. म्हणून तर हेडक्लार्क बोलून गेले.

आता हा माणूस म्हणजे ऑफिसात खुर्च्या घ्यायच्या असल्या तर दुकानातल्या प्रत्येक खुर्चीवर बसून बघणारा. खोगिरांच्या दुकानदाराने समोर स्पंजचं, नमद्याचं म्हणजे जाड फेल्टचं, आणि लोकरीचं अशी अस्तरं मांडली.

“कुठलंही न्या साहेब. तक्रार येत नाही.”

“तक्रार करणार कोण? घोडा?”

“घोडाच करतो. लाथेनं.”

हेडक्लार्कांनी सगळीच उचलली आणि तबेल्यातून एक जुना तंगही मागून आणला. हिशोब सरळ होता: आपलं पोटही काही कमी नाजूक नाही, तेव्हा जे आपल्याला टोचणार नाही ते घोडीला कशाला टोचेल? त्या संध्याकाळी ते दिवाणखान्यात हातापायांवर उभे राहिले. (दोन पायांवर ट्रायल घेऊन काय उपयोग? घोडी काय दोन पायांवर चालते?) पाठीवर गादीची वळकटी टाकली, कारण स्वाराचं वजन नको का? मुलीने पोटाखालून तंग आवळला. आणि नेमक्या तेव्हाच सासूबाई दारात हजर!

“जावईबापू, काही हरवलंय का?”

“नाही, नाही. अस्तर बघतोय.”

सासूबाईंनी त्यांच्याकडे बघितलं, वळकटीकडे बघितलं आणि आपल्या लेकीला, म्हणजे हेडक्लार्कांच्या बायकोला, हळूच बाजूला घेऊन विचारलं, “कधीपासून असं होतंय?”

हेडक्लार्क कानापर्यंत लाल झाले. पण लोकरीचं अस्तर असं काही सुखाचं निघालं, की त्याच अवस्थेत त्यांना डुलकीसुद्धा लागली. दुसऱ्या दिवशी ऑफिसभर त्यांनी सांगून टाकलं, की अस्तर निवडणं हे शास्त्र आहे, येरागबाळ्याचं काम नाही.

रविवारी तबेला पालकांनी गच्च भरला होता. “स्वतः ट्रायल घेतलीय,” म्हणत हेडक्लार्कांनी ऐटीत लोकरीचं अस्तर पुढं केलं. नाजूकबाईने ते पोटाला लागू दिलं, क्षणभर विचार केला आणि त्यांचा खांदाच धरला दातात. स्पंज लावला तर अंगभर शहारली. नमदा दाखवला मात्र, पाण्याची बादली उडून कुंपणापलीकडे गेली. आजूबाजूला खसखस पिकली.

डोक्यावर हेल्मेट घालून मुलगी कधीची उभी होती. ती जवळ आली आणि हलकेच म्हणाली, “असू दे बाबा. मी बसते बाकावर.”

रडली असती तर परवडलं असतं! हेडक्लार्कांना वाटलं, धरणी दुभंगेल तर बरं.

“तुम्ही ट्रायल घेतली म्हणालात, ती कशी?” बाईंनी विचारलं.

“ही अशी, इथं बांधून,” म्हणत हेडक्लार्कांनी शर्टाची बटणं सोडली.

“बनियनवरून? अहो, मग अस्तराचं तुम्हाला काय कळणार, कपाळ!”

एवढ्यात नाजूकबाईने मान लांब केली आणि त्या बनियनवर नाक टेकवलं. कान पुढे आले. ती चक्क नाक घासायला लागली.

इथं एक सांगायला हवं. ते बनियन फार जुनं होतं. कापड कमी आणि भोकं जास्त, पण धुऊन धुऊन लोण्यासारखं मऊ झालेलं. त्याचं फडकं करा असं बायकोने कधीच बजावलं होतं आणि “केलं” म्हणून हेडक्लार्कांनी शपथेवर सांगितलं होतं. आणि बायको समोरच, सासूबाईंच्या शेजारी उभी होती.

“काढता का?” बाई म्हणाल्या.

“इथं? सगळ्यांसमोर?”

बटणं पुन्हा लावून टाकावीत असं त्यांना फार वाटलं. पण मुलीने बाकाकडे जाता जाता मागं वळून बघितलं, आणि त्यांचा हात बटणावरून खाली आला. ते घोडीच्या आडोशाला गेले, शर्ट उतरवला, बनियन डोक्यावरून ओढलं, आणि ते नाकाला अडकलेलं असतानाच नाजूकबाई दोन पावलं पुढे सरकली. उघडं पोट, त्यावर ट्रायलचे लाल वळ, सगळं जगापुढे!

“अगं बाई,” सासूबाई म्हणाल्या, “अजून चालूच आहे का हे?”

बनियनची घडी तंगाला गुंडाळली. तंग आवळला. नाजूकबाईने फक्त एक सुस्कारा सोडला, घरी आल्यासारखा. आणि मग मुलगी काय सुरेख फिरली! पाठ ताठ, हात शांत, चेहऱ्यावर ऊन पडल्यासारखं हसू. हेडक्लार्कांचा ऊर भरून आला. (शर्ट अंगात चढला होता, बटणं मात्र चुकीच्या भोकांत होती.)

“घोडीच्या पोटाला ते फाटकं काय लोंबतंय हो?” शेजारच्या बाईंनी विचारलं.

“आमच्या ह्यांची अब्रू,” बायको म्हणाली.

घरी आल्याबरोबर तिने कपाट उपसलं, जुनी बनियनं होती तेवढी फेकून दिली आणि नवी कोरी आणून ठेवली. प्रकरण मिटलं असं हेडक्लार्क समजून चालले. पण थोड्याच दिवसांत घोडेस्वारीच्या बाई दारात उभ्या राहिल्या. ते बनियन पार विरलं होतं, आणि बनियनशिवाय नाजूकबाई कोणाला अंगाला हात लावू देईना.

हेडक्लार्कांनी उदार मनाने एक नवं बनियन त्यांच्या हाती ठेवलं. ते चावा घेतलेल्या अवस्थेत संध्याकाळीच परत आलं.

“तिला नवं चालत नाही,” बाई म्हणाल्या. “असं करा, तुम्ही चारपाच वर्षं वापरून द्या.”

“देतील की,” बायको म्हणाली. “ह्यांना जमेल असं काम एकदाचं मिळालं!”

मुलीच्या तोंडाकडे बघून हेडक्लार्कांनी मान डोलावली आणि मुकाट्याने नवं बनियन अंगात चढवलं. ते काखेत काचत होतं, पाठीला टोचत होतं, पोटावर तर विचारूच नका. पण त्यांची तक्रार कोण ऐकणार? त्यांना लाथ मारता येत नव्हती.