नेलपॉलिशची रेघ

सायकल चालवताना रोकडेकाका कुणाला हात करत नसत. समोरून कुणी ‘जय भीम’ घातला की ते दोनदा घंटी वाजवत, तेच त्यांचं उत्तर. एकदा नाकावर माशी बसली, तर अख्खा स्टेशन रोड त्यांनी नुसत्या फुंकरा मारत पार केला. “हात सुटला की माणूस सुटला,” असं ते म्हणत.

अंबरनाथ पूर्वेला, चाळीत आमच्या शेजारी ते राहायचे. कारखान्यात टूलरूममध्ये फिटर. मी पंचविशीत असताना त्यांनी उल्हासनगरच्या भंगारवाल्याकडून एक जुनी विलायती रेसर सायकल आणली. तिच्या गिअरच्या खुंट्या खाली, तिरक्या दांडीवर. गिअर बदलायचा तर एक हात हँडलवरून काढणं आलं. “साईं, झुक के बदलो ना, सब ऐसेच करते हैं,” भंगारवाला म्हणाला. काका घाबरले आणि सायकल ढकलत घरी आले.

मग कित्येक दिवस ते ओट्यावर बसून ॲल्युमिनियमची पट्टी कानशीने घासत होते. शेवटी त्यांनी क्लॅम्प बनवले आणि त्या खुंट्या वर, थेट हँडलवरच्या ब्रेकच्या मुठींवर बसवल्या. आता गिअर बोटाने पडायचा, हात जागचा हलायचा नाही. पुढून बघितलं तर सायकलला मिशा फुटल्यासारख्या दिसत.

तरी भीती गेली नाही. बोल्ट ढिला झाला तर? म्हणून बोल्ट आवळला की ते बोल्टवरून क्लॅम्पवर काकूंच्या नेलपॉलिशने एक बारीक रेघ ओढत. बोल्ट जरा फिरला तरी रेघ तुटलेली दिसणार. दर रविवारी वांगणीपर्यंत फेरी मारायला निघण्याआधी चष्मा लावून तपासणी व्हायची. “रेघ जुळली? निघा,” हे स्वतःलाच. काकू म्हणायच्या, “मी लग्नात लावलं तेवढंच. बाकी सगळ्या बाटल्या सवतीने संपवल्या.”

त्या सायकलला कधी कुलूप नसे. असल्या ध्यानाला हात कोण लावणार, असा काकांचा समज. हात मी लावला. एका शनिवारी ते सेकंड शिफ्टला गेल्यावर मी ती गुपचूप काढली. चामटोलीजवळ ऐटीत एक हात सोडला आणि आडवा झालो. उजव्या क्लॅम्पच्या बोल्टचे आटे गेले. बोल्ट नुसता गरगर फिरत होता, पकडत नव्हता. मी तो तसाच दाबून बसवला आणि घरी येऊन बहिणीच्या बाटलीतून रेघ ओढली. सरळ, अगदी काकांसारखी. सकाळी सांगू, असं ठरवलं.

सकाळी काका सायकलपुढे उकिडवे बसले. मी दारात.

“काय रे सुभाष, चेहरा का उतरलाय?”

“पोट दुखतंय काका.”

“ओवा चाव.” त्यांनी चष्मा सारखा केला. “रेघ जुळली. निघा.”

मी एवढंच म्हणालो, “सावकाश जा काका.” त्यांनी दोनदा घंटी वाजवली.

दिवसभर गल्लीत सायकल आली की मी खिडकीशी धावायचो. प्रत्येक वेळी दुसराच कुणी असायचा. बदलापूरपुढचा उतार डोळ्यांसमोरून हलत नव्हता.

चारच्या सुमाराला काका टेम्पोतून आले, हात प्लॅस्टरमध्ये. उतारावर क्लॅम्प सुटून ब्रेकमध्ये अडकला, ब्रेक लागलाच नाही. बांधावर आपटले म्हणून वाचले.

“जीव जायचा राहिला,” काकू रडत म्हणाल्या. “आजपासून हे उद्योग बंद.”

काका एवढंच पुटपुटले, “रेघ तर जुळत होती.”

सायकल भंगारात परत गेली, क्लॅम्प बिस्किटांच्या डब्यात. पण गोष्ट तिथे थांबली नाही. टूलरूममध्ये काका आपलं प्रत्येक काम दुसऱ्याला दाखवू लागले. “बघ रे जरा, माझ्या हाताचा भरवसा नाही.” त्याच कारखान्यात मी कारकून. हे वाक्य मी ते निवृत्त होईपर्यंत ऐकलं आणि गप्प राहिलो.

काकू गेल्यावर मात्र राहवेना. काका तेव्हा बदलापूरला एकटेच राहत. मी गेलो आणि खाली मान घालून सगळं सांगितलं. आता हाकलतील, अशी वाट बघत होतो.

“आटे आधीच गेले होते?”

“हो काका.”

“आणि रेघ तुझी?”

“माझी.”

“परत सांग.”

मी परत सांगितलं. ते उठले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. भिंतीशी गेले आणि काकूंची तसबीर दोन्ही हातांनी धरली, हँडल धरायचे तशी.

“ऐकलंस का गं?” ते म्हणाले. “माझा हात चुकला नव्हता.”