बापटांचे तीन फोन

बापटांच्या दाराला बेलची तीन बटणं होती. एक दूधवाल्या-पेपरवाल्यांचं, एक शेजाऱ्यांचं, एक नातेवाइकांचं. मी एकदा घाईत दूधवाल्याचं दाबलं. बापट पातेलं घेऊन दारात आले आणि मला पाहून पातेल्यासकट परत गेले. मी शेजाऱ्यांचं बटण दाबल्यावर पुन्हा आले. "बोला, साठे."

ठाण्याच्या एका कारखान्यात ते ड्रॉइंग ऑफिसात होते. "मिसळलं की नासलं" हे त्यांचं जीवनसूत्र. घरात पंख्यांचे फ्यूज वेगळे, दिव्यांचे वेगळे. देवघराच्या दिव्याला स्वतंत्र मीटर मिळत नाही, एवढीच त्यांची वीज मंडळाविरुद्ध तक्रार होती.

मग त्यांच्याकडे फोन आला. ठाकुर्लीतल्या आमच्या इमारतीतला तो पहिला, त्यामुळे सगळ्यांनी आपापल्या नातेवाइकांना बापटांचा नंबर देऊन टाकला. बापटांची ना नव्हती. फक्त बाहेरच्यांचं बोलणं घरात यायला नको आणि घरातलं बाहेर जायला नको. त्यांनी मुंबईहून एक स्वस्तातली पेटी आणली. लाइन एक, फोन तीन : एक दाराबाहेरच्या पॅसेजमध्ये, एक दिवाणखान्यात, एक स्वयंपाकघरात. पेटीचा खटका ज्या फोनकडे फिरवाल तेवढाच चालू, बाकीचे दोन मुके.

या पेटीचं रीतसर उद्घाटन झालं. पेढे होते, भिंतीवर रंगीत आकृती होती आणि बापटांच्या हातात पट्टी होती. संरक्षण खात्याची गुपितं आता सुरक्षित झाली, अशा चेहऱ्याने ते बोलत होते. पॅसेजमध्ये जोशीकाकूंना टिटवाळ्याहून बहिणीचा फोन आलेला. बापटांनी प्रात्यक्षिकासाठी खटका फिरवला. "पाहिलंत? तिकडचं इकडे येत नाही."

"अहो, माझंही तिकडे जाईना झालं, त्याचं काय?" पॅसेजमधून काकू म्हणाल्या. "ती आजारी कोण आहे ते सांगत होती."

कोण आजारी होतं ते काकूंना दुसऱ्या दिवशी कळलं. म्हैस होती.

पुढे बापटांच्या मुलीने, वर्षाने, बाळकुमच्या एका कोळ्यांच्या मुलाशी लग्न ठरवलं. मुलगा तिच्याच बँकेत होता, सरळ होता. बापटांनी तिच्यासमोर आपलं "मिसळलं की नासलं" उच्चारलं आणि वर सांगितलं, "यापुढे मी तुझ्याशी बोलणार नाही." ती लग्न करून बाळकुमला गेली. बापट शब्दाचे पक्के. पक्केपणाचं आपल्याकडे कौतुक होतं. तो कशासाठी आहे हे कोणी विचारत नाही.

पण दर रविवारी दुपारी चारच्या सुमाराला बापट खटका स्वयंपाकघराकडे फिरवत, "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणत आणि माझ्याकडे वर येऊन बसत. खाली फोन वाजे. वहिनी आतून मुलीशी बोलत. वहिनींचं हसणं जिन्यातून वर येई. बापट पेपर उघडून बसत, पान उलटत नसत.

"वर्षा कशी आहे?" मी एकदा विचारलं.

"मला काय माहीत? तो फोन स्वयंपाकघराचा आहे."

तीन वर्षांनी वहिनी गेल्या. वर्षा आली, नवऱ्यासह दिवसभर थांबली. बापट तिच्याशी बोलले नाहीत. तिने बाहेर पडताना चपला घालायला फार वेळ लावला. तरीही ते बोलले नाहीत.

त्यानंतर रविवारी ते वर येईनात, म्हणून एकदा मीच खाली गेलो. शेजाऱ्यांचं बटण दाबलं. बापटांनी मला बसवलं, घड्याळाकडे पाहिलं आणि खटका स्वयंपाकघराकडे फिरवला. थोड्या वेळाने आत फोन वाजायला लागला.

"बापट, उचला की."

"तो माझा नाही."

"मग ज्यांचा होता त्या तर गेल्या. ती कोणासाठी करते?"

बापट मान किंचित कलती करून ऐकत राहिले. रिकाम्या स्वयंपाकघरात फोन वाजत राहिला, वाजत राहिला आणि थांबला. बापटांनी खटका परत दिवाणखान्याकडे आणला. त्यावरून हात मात्र काढला नाही.

"मागच्या रविवारपेक्षा आज जास्त वेळ थांबली," ते म्हणाले.